सोपाऱ्याचे हरवलेले बंदर : कोकण किनाऱ्यावरील वाळूचे वरंबे व खाजणे यांची जडणघडण

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान होय. सातवाहनांच्या या राजधानीचा पश्चिम समुद्राशी चालणारा व्यापार हा मराठवाड्यातील इतिहासाच्या प्रत्येक वर्गात शिकविला जाणारा विषय आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण व तगर (आजचे तेर) या अंतर्भागातील बाजारपेठांचा उल्लेख येतो आणि त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण व चौल ही किनाऱ्यावरील बंदरेही येतात. नकाशावर पैठणहून नाशिकमार्गे सोपाऱ्याकडे आणि जुन्नर-नाणेघाटमार्गे कल्याणकडे जाणारे बाण काढले की विषय पूर्ण झाला, असे सामान्यतः मानले जाते.

परंतु आज पालघर जिल्ह्यातील नालासोपारा येथे जाणाऱ्या अभ्यासकास तेथे बंदर दिसत नाही. रेल्वे स्थानक, दाट वस्ती, काही तळी, भाताची खाचरे आणि सखल भागात मिठागरे दिसतात; समुद्र मात्र कित्येक किलोमीटर पश्चिमेस आहे. 'समुद्र मागे हटला' असे याचे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ज्या दोन हजार वर्षांत सोपाऱ्याचे बंदर नाहीसे झाले त्या काळात अरबी समुद्राची पातळी इतकी मोठी उतरल्याचा पुरावा नाही. समुद्र जवळपास जागच्या जागी राहिला. त्याच्या व बंदराच्या मधे जमीन तयार झाली. ही जमीन कशी तयार होते, तिला किती काळ लागतो आणि ती कशाच्या आधारावर टिकून राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पैठणशी या विषयाचा आणखी एक, पूर्व किनाऱ्यावरचा, संबंध आहे. त्याची चर्चा लेखाच्या अखेरीस येईल.

समुद्राची चढण

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा हिमस्तरांच्या रूपाने खंडांवर अडकून पडला होता. त्या वेळी समुद्रसपाटी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद व अतिशय मंद उताराची असल्याने तत्कालीन किनारा आजच्या मुंबईच्या पश्चिमेस दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर होता. उल्हास, वैतरणा, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांना तेथपर्यंत वाहत जावे लागे व त्यासाठी त्यांनी आपली पात्रे खोल कोरली होती.

हवामान उबदार होऊ लागताच समुद्र चढू लागला. पुढील सुमारे बारा-तेरा हजार वर्षांचा हिशेब मांडल्यास ही चढण सरासरी वर्षाला एक सेंटिमीटरच्या आसपास पडते. काही टप्प्यांत ती याहून बरीच वेगवान होती. नद्यांची खोल पात्रे पाण्याखाली गेली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. कोकणातील खाड्या जमिनीत इतक्या दूरवर का शिरल्या आहेत, याचे उत्तर येथे आहे. मुंबईत १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना गाळाच्या थराखाली, भरतीच्या पातळीपासून बरेच खोल, मुळांसकट उभ्या असलेल्या खैराच्या झाडांचे बुडालेले जंगल सापडले होते. खैर हे खाऱ्या पाण्यात वाढणारे झाड नव्हे. सपाटीच्या बदलाचा इतका साधा आणि इतका नि:संदिग्ध पुरावा क्वचितच मिळतो. जमीन खचली की पाणी चढले, हा वाद मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालला.

समुद्र चढत असेपर्यंत किनाऱ्यावर कोणतेही भूरूप स्थिरावू शकत नव्हते. लाटांनी एका ठिकाणी वाळू रचावी, तोवर पाण्याची रेषा पुढे सरकलेली असे. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ही चढण मंदावली व पाणी आजच्या पातळीच्या जवळ येऊन ठेपले. पश्चिम किनाऱ्यावरील काही पुरावे पाहता त्यानंतर काही काळ ते आजच्यापेक्षा थोडे वर असावे, असेही मानले जाते. महत्त्वाची बाब अशी की, किनारा बांधण्याचे काम या विश्रांतीनंतरच सुरू होऊ शकले. जगातील बहुतेक मोठ्या त्रिभुज प्रदेशांचा आरंभ साधारणतः ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वीच्या कालखंडात सापडतो, हा योगायोग नव्हे. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्या पायथ्याशी असलेली नारळी-पोफळीची पुळण मात्र भूशास्त्राच्या दृष्टीने कालपरवाची आहे.

वरंब्याची उभारणी

पुळणीच्या मागील बाजूस किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांबट उंचवटा आढळतो. त्यास येथे वरंबा म्हटले आहे. मराठवाड्यातील वाचकास सरी-वरंब्याची शेती परिचित आहे. वाढत्या किनाऱ्याचे उभे छेद पाहिले असता नेमके तेच चित्र दिसते. एकामागे एक समांतर वरंबे व त्यांच्यामधील ओलसर सखल सऱ्या. यातील प्रत्येक वरंबा म्हणजे कोणे एके काळची समुद्राची कड होय. सर्वांत आतला वरंबा सर्वांत जुना व समुद्रालगतचा सर्वांत नवा असतो.

लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा तिच्यासोबत वाळू व शिंपल्यांचा चुरा वर येतो. परतताना तिचे बरेचसे पाणी वाळूत मुरते, त्यामुळे परतीच्या प्रवाहाचा जोर कमी पडतो आणि आणलेल्या मालातील काही भाग वरच राहतो. शांत ऋतूत पुळण अशी रुंदावते. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीचा समोरचा भाग ओरबाडतात, पण त्याच लाटा वाळूचा काही अंश पुळणीच्या माथ्यावरून पलीकडे फेकतात व तेथे उंचवटा तयार होतो. कोरड्या महिन्यांत वारा त्यावर बारीक वाळूची भर घालतो. मग मर्यादवेल पसरते, तिच्या आडोशाने आणखी वाळू अडते, मागे केवडा येतो. या वेलीस मर्यादवेल हे नाव देणाऱ्याने समुद्राची मर्यादा नेमकी कोठे ठरते, हे ओळखले होते असे म्हणावे लागते.

एक वरंबा स्थिर झाल्यावर त्याच्या पुढे दुसरा उभा राहण्यासाठी वाळूचा पुरवठा चालू असावा लागतो. कोकणात हा पुरवठा बेताचा आहे. येथील नद्या आखूड आहेत आणि बेसाल्टच्या विदारणातून वाळूपेक्षा चिकणमाती अधिक निर्माण होते. शिवाय समुद्रात घुसलेल्या डोंगरसोंडांमुळे किनारा लहान-मोठ्या कोनाड्यांत विभागला गेला आहे. एका कोनाड्यातील वाळू सहसा दुसऱ्यात जात नाही. प्रत्येकाचे जमाखर्चाचे खाते वेगळे असते. म्हणूनच अलिबागजवळील पुळण काळसर, मालवण-वेंगुर्ल्याची पांढुरकी, आणि रत्नागिरीत तर भगवती किल्ल्याच्या दोन अंगांना लोकांनी काळा समुद्र व पांढरा समुद्र अशी दोन नावेच ठेवली आहेत. दक्षिणेकडील पांढरेपणा सिंधुदुर्गातील जुन्या गारगोटीयुक्त खडकांतून येतो, तर रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज असते.

दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर, दापोलीजवळील मुरूड या गावांची रचना पाहिली असता वरंब्याचे अस्तित्व नकाशाविनाही लक्षात येते. समुद्र, पुळण, सुरू-केवड्याची पट्टी, मग उंचवट्यावर एका सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे व वाड्या, आणि त्यामागे एकदम सखल होत जाणारी भातजमीन. गावाचा रस्ता सरळ आहे, कारण तो ज्या वरंब्यावर वसला आहे तोच सरळ आहे. काही ठिकाणी शिंपल्यांतील चुना विरघळून पुन्हा साकळल्याने वाळू दगडासारखी घट्ट झालेली आढळते. कोकणात तिला 'करळ' म्हणतात. एके काळी ती बांधकामासाठी वापरली जाई. अभ्यासकाच्या दृष्टीने ती जुन्या किनाऱ्याची गोठलेली खूण आहे.

खाजणाचा भराव

वरंब्याने समुद्राच्या लाटा अडविल्या की त्याच्या मागे शांत पाण्याचा पट्टा निर्माण होतो. खाडीच्या मुखातून भरतीचे पाणी तेथे येते, पण लाट येत नाही. खाजणाचा जन्म या फरकातून होतो. नदीच्या गोड्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण परस्परांना दूर लोटत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच क्षारांमुळे त्यांच्यातील विद्युतभारांचा परिणाम क्षीण होतो, कण एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात व त्या जड होऊन खाली बसू लागतात. भरती पूर्ण होऊन ओहोटी लागण्यापूर्वी पाणी काही क्षण थांबते, तेवढ्या अवधीत गाळाचा पातळ थर बसतो. हे दिवसातून दोन वेळा, वर्षानुवर्षे घडत राहते.

चिखलाचा तळ पुरेसा वर आला की कांदळवन येते. पाण्याच्या बाजूस चिप्पी व कांदळ, अधिक आत तिवर. तिवराची जमिनीतून वर येणारी श्वसनमुळे पाण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे गाळ अधिक बसतो आणि पानांचा कुजका भागही त्यात मिसळतो. जमीन जसजशी उंचावते तसतसे भरतीचे पाणी तिच्यावर कमी वेळा येते, व शेवटी केवळ मोठ्या उधाणालाच ते तिला गाठते. येथपर्यंत पोहोचलेली जमीन मनुष्याने बांध घालून आपलीशी केली तर तिला खार म्हणतात.

उत्तर कोकणात, म्हणजे वसई, ठाणे, उरण, धरमतर या भागांत खाजणे विस्तीर्ण आहेत आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जातात. रुंद व उथळ समुद्रबूड जमिनीमुळे उत्तरेस भरती-ओहोटीतील अंतर वाढते. मुंबईस उधाणाच्या दिवशी हे अंतर चार मीटरहून अधिक असते; सिंधुदुर्गात ते बरेच कमी भरते. जितका उभा फरक मोठा, तितकी पाण्याखाली-पाण्याबाहेर होणारी आडवी पट्टी रुंद, हे उघड आहे.

वरंबा व खाजण ही दोन भूरूपे पाठ्यपुस्तकांतून स्वतंत्र परिच्छेदांत शिकविली जातात. प्रत्यक्षात ती जोडभूरूपे आहेत. वरंब्याविना खाजण भरत नाही आणि पाठीमागचे खाजण भरले नाही तर मोठ्या वादळात फुटलेल्या वरंब्याला मागे सरकून पुन्हा उभे राहण्यास आधार मिळत नाही.

सोपाऱ्याची साक्ष

वैतरणेची खाडी व वसईची (उल्हास) खाडी यांच्या दरम्यान अर्नाळा, आगाशी, निर्मळ, भुईगाव अशी गावे असलेला वाळूचा लांब पट्टा पसरला आहे. त्याच्या पूर्वेस सखल खारे मैदान आहे. सोपारा या रचनेच्या आतल्या बाजूस आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे बंदराची मूळ जागा समजते. ते खुल्या समुद्राच्या तोंडावर नसून वाळूच्या आडोशाने सुरक्षित झालेल्या भरतीच्या पाण्यावर असले पाहिजे. उथळ तळाच्या, भरतीसोबत आत येणाऱ्या गलबतांना याहून उत्तम स्थान मिळणे कठीण होते.

सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले व तेथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. म्हणजे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सोपारा हे महत्त्वाचे ठाणे होते. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात शूर्पारकाचा, तसेच दमण, डहाणू इत्यादी ठिकाणच्या नद्यांवर त्याने सुरू केलेल्या मोफत नावांचा उल्लेख आहे. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण प्रवास करणाऱ्यास पावलोपावली खाडी आडवी येत असल्याचे हे शिलांकित प्रमाण होय. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ मधील (इ.स. १०९४-९५) खारेपाटण ताम्रपटात ज्या बंदरांत येणाऱ्या गलबतांना करमाफी दिली आहे, त्यांत स्थानक (ठाणे) व चेमूल्य (चौल) यांच्याबरोबर शूर्पारकही आहे. तेव्हा अकराव्या शतकाअखेर हे बंदर निदान कागदोपत्री जिवंत होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपला किल्ला बांधला तो मात्र सोपाऱ्यास नव्हे, तर वसईस, खाडीच्या थेट मुखाशी.

यातून एकच निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बंदरे राजकीय कारणांनीही ओस पडतात व ठाण्याच्या उत्कर्षाचा सोपाऱ्यावर परिणाम झालाच असणार. तथापि बंदराचे स्थान आतून मुखाकडे सरकणे, ही भरणाऱ्या खाजणाची ओळखीची खूण आहे. ज्या आडोशाने बंदर घडविले, त्याच आडोशाने ते बुजविले.

कालमापन व एक अपवाद

या घडणीचे वय ठरविण्याच्या पद्धती मर्यादित आहेत. शिंपले, कोळसा व कुजलेले लाकूड यांचे वय किरणोत्सर्गी कार्बनवरून काढता येते. पण लाटा जुने शिंपले उकरून नव्या वरंब्यावर टाकतात, आणि सागरी जीवांचा कार्बन मुळातच वयाने जुना भासतो, म्हणून दुरुस्ती करावी लागते. वाळूच्या कणाने शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला हे सांगणारी दीप्तिमापन पद्धती अधिक थेट आहे. तथापि तिला प्रामुख्याने गारगोटीचे कण लागतात व बेसाल्टच्या प्रदेशात नेमके तेच दुर्मीळ. खाजणातील गाळात परागकण व फोरामिनिफेरासारख्या सूक्ष्मजीवांची कवचे थरांनुसार जपली जातात. कांदळाचे परागकण विपुल असलेला थर म्हणजे त्या काळी भरतीचे पाणी तेथपर्यंत येत होते, असे अनुमान त्यावरून करता येते.

सर्वच वाळू संथपणे साचते असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी येथे भारजा नदीच्या मुखाशी असलेल्या उंच वाळूच्या टेकडीत मध्ययुगीन नाणी व वस्तीचे अवशेष मिळाले. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास करून ती त्सुनामीच्या लाटांशी संबंधित असावी, असे मत मांडले. १५२४ मध्ये वास्को द गामाच्या तिसऱ्या सफरीत भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्र एकाएकी खवळल्याची नोंद पोर्तुगीज इतिवृत्तांत आहे, तिचाही संदर्भ या चर्चेत दिला जातो. वाऱ्याने रचलेली वाळू व लाटेने फेकलेली वाळू यांत भेद करणे सोपे नसल्याने हा प्रश्न वादाचा राहिला आहे.

वाडी, विहीर आणि बांध

वरंब्याचे सर्वांत मोठे देणे म्हणजे गोडे पाणी. पावसाचे पाणी वाळूत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने भिंगाच्या आकारात त्याच्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असल्यास खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते, असा सिद्धान्त आहे. याचाच व्यत्यास असा की, उपशाने वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालून खारे पाणी कितीतरी पटींनी वर चढते. वसईच्या केळी, पानवेली व फुलांच्या वाड्या रहाटाच्या विहिरींवर शतकानुशतके चालल्या, कारण रहाट संथपणे पाणी काढतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरद्वारे होणारा उपसा व वाढते नागरीकरण यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्यामागे भावनेइतकेच हे भूजलशास्त्रही होते.

खाजणाच्या बाबतीत रायगड जिल्ह्यात बांधबंदिस्तीची जुनी परंपरा आहे. मातीचा बांध, त्यात उघाडी, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडायचे व भरतीला समुद्राचे अडवायचे, आणि आत क्षार सोसणारे राता भात. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने ही व्यवस्था शासनाकडे आली. मात्र एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. बांधाआड गेलेल्या जमिनीवर भरतीचा गाळ येणे थांबते, तर बांधाबाहेरील चिखल वाढत राहतो. काही पिढ्यांनंतर आतली जमीन बाहेरच्या खाजणाहून खाली राहते. मग बांध फुटला की पाणी सहज शिरते व निघता निघत नाही.

जागतिक समुद्रसपाटी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर वेगाने वाढली. मोकळे, गाळ मिळणारे खाजण अशा वाढीबरोबर काही अंशी स्वतःला उंचावू शकते. भराव टाकून त्यावर इमारती उभारलेले खाजण ते करू शकत नाही. तरीही सरकारी व बोलीच्या भाषेत अशा जमिनीस 'पडीक' म्हणण्याची सवय गेलेली नाही.

गोदावरीचा दुसरा किनारा

आतापर्यंतच्या विवेचनात गाळाचा पुरवठा हा घटक वारंवार आला. तो कोकणात बेताचा आहे याचे मुख्य कारण असे की, सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसापैकी मोठा वाटा पूर्वेकडे वाहून जातो. पैठणचा व्यापार पश्चिमेस गेला, पण पैठणची माती पूर्वेस, गोदावरीतून बंगालच्या उपसागरास गेली.

आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात समांतर वरंब्यांच्या अनेक माळा आहेत व त्या याच सहा-सात हजार वर्षांतल्या आहेत. कोल्लेरू सरोवर आज किनाऱ्यापासून बरेच आत असले, तरी ते एके काळच्या किनारी खाजणाचा अवशेष मानले जाते. मुखाशी कोरिंगाचे कांदळवन आहे. या वरंब्यांतील वाळू बऱ्याच अंशी पूर्व घाटाच्या खडकांची आहे; बारीक काळी माती मात्र दख्खनची. गोदावरीमुखासमोरील सागरतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गेल्या काही हजार वर्षांत दख्खनमधून येणाऱ्या गाळाचे प्रमाण ठळकपणे वाढले, आणि पर्जन्यातील घट व शेतीचा विस्तार यांच्याशी त्याचा संबंध जोडण्यात आला आहे. दायमाबाद-नेवासे परिसरातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी काळ्या रानात नांगरट सुरू केली, आणि त्या रानाची माती पूर्व किनाऱ्यावरील खाजणांत जमा होत गेली.

१९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने व खोऱ्यातील इतर धरणांनी हा ओघ बराच अडविला आहे. नाथसागरातील गाळाची चर्चा मराठवाड्यात नेहमी होते ती घटणाऱ्या जलसाठ्याच्या अंगाने. आणि ती रास्तच आहे. पण जलाशयाच्या तळाशी बसलेला तो गाळ त्रिभुज प्रदेशाच्या हिशेबात खर्चाच्या बाजूस पडतो. १९७० नंतरच्या दशकांत गोदावरीतून समुद्रास मिळणाऱ्या गाळात मोठी घट झाल्याचे मापनांवरून दिसून आले आहे, आणि त्रिभुज प्रदेशाच्या काही भागांत समुद्रालगतचा सर्वांत नवा वरंबा, जो इतरांच्या क्रमाने अजून वाढायला हवा होता, तो समुद्राकडे न सरकता झिजू लागला आहे.